भुईबावड्याच्या घाटातला नवस

माझी सून सायकल मारते हे उचगावात सगळ्यांच्या आधी माझ्या गुडघ्यांना कळलं. आमच्या चार म्हशी. सकाळची धार अनुजानं काढायची, संध्याकाळची मी, असं ती लग्न होऊन आली तेव्हापासून ठरलेलं. एक दिवस ती म्हणाली, "आत्ती, सकाळचं तेवढं तुम्ही बघाल का? मी सायकलवर जाऊन येते." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. पाऊस संपून ऊस तोडायला आला तरी ते गेलं नाही. मी सत्तरीला टेकलेली बाई. म्हशीखाली उकिडवी बसले की उठताना दावणीचा खुंटा धरायला लागतो. बोटं अशी आखडतात की चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरते.

सायकल म्हणजे शाळेतल्या पोरींची असते तसली नव्हे. चाकं बांगडीसारखी बारीक, हँडल एडक्याच्या शिंगासारखं वळलेलं, आणि उचलली तर पाण्याच्या घागरीपेक्षा हलकी. अंगात घालायचे कपडे असे की पहिल्यांदा बघितल्यावर मी पुढचं दार लावून घेतलं. शेजारची बयाबाई विचारायला आलीच, "सून कुठं जाती ओ रोज अशी?" मी म्हटलं, "तुझ्या दारावरनंच जाती न्हवं? मग तिलाच इचार की." माझ्या सुनेला नावं ठेवायची तर मी ठेवीन. बाहेरच्यांनी त्यात तोंड घालायचं काम नाही.

एकदा मी तिला विचारलं होतं, "काय मिळतं गं तुला त्यात?" ती पतसंस्थेत नोकरी करते. घरी आली की स्वयंपाक, शेण, कपडे. पोरगी शिकायला पुण्यात, नवरा दुधाच्या टेम्पोवर. ती भांडी पुसत होती. वर न बघता म्हणाली, "तेवढा येळ मला कोण हाक मारत न्हाई." मला राग आला. घरात हाका मारणारी मीच.

दिवाळी झाल्यावर मी एकदाचा निकाल लावायचं ठरवलं. कोल्हापूरच्या सायकलवाल्यांची वर्षातनं एक मोठी फेरी असते. रंकाळ्यावरनं निघून गगनबावड्याला जायचं, करूळ घाटानं खाली कोकणात उतरायचं, भुईबावड्याच्या घाटानं परत वर गगनबावड्यात यायचं, परत करूळनं खाली, तिथनं फोंड्याला, आणि फोंडा घाट चढून राधानगरीवरनं कोल्हापूर. दिवस मावळायच्या आत. मी म्हटलं, "उतरलेलाच घाट परत कशाला उतरायचा? खाली काय इसरलंय का तुमचं?" माझा लेक अमरसिंह हसला. अनुजा हसली नाही. तिनं आधीच नाव दिलं होतं.

मग मी दोघांना समोर बसवून सांगितलं. "ही फेरी सोताच्या पायावर पुरी केलीस, तर सकाळची धार तुझ्याकडं परत मागणार न्हाई. जल्मात न्हाई. आणि गाडीत बसून आलीस, न्हाईतर त्यांनी तुला बाद केलं, तर सायकल माळ्यावर. दुसऱ्या दिवसापास्नं बालदी तुझ्या हातात."

"चालंल," अनुजा म्हणाली. एवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आणि मी संगट येणार. डोळ्यानं बघणार. तुम्ही नवराबायको मिळून मला फशिवशीला."

"या की. पर एक सांगते, आत्ती. ठरल्याले थांबे सोडले तर घरच्यांनी मदत करायची न्हाई. गाडी रस्त्यानं येऊ दे, पर मदत झाली की मी बाद."

"तुला ढकलायला मी कशाला उतरतीया? माझं मलाच चालवंना," मी म्हटलं.

त्या दिवशी अंधारातच म्हशींचं उरकून मी टेम्पोत बसले. दुधाचे कॅन मागं वाजत होते. रंकाळ्यावर सायकलवाल्यांचा हा घोळका. पुरुषच जास्त, बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. थंडीनं सगळे नाचत होते. अनुजा एका कडेला उभी. माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. शिट्टी झाली आणि सगळे गेले. आम्ही मागनं.

गगनबावड्यापर्यंत मला काही वाटलं नाही. उसाच्या ट्रॉल्या, धुकं, कडेच्या चहाच्या टपऱ्या. मी डुलकीही काढली. करूळचा घाट उतरायला लागला तेव्हा मात्र झोप उडाली. टेम्पो वळणावर वळण घेत होता आणि एका बाजूला काहीच नव्हतं, नुसती पोकळी. त्या पोकळीच्या कडेनं ही माणसं त्या बांगड्यांवर बसून खाली सुटलेली. मी अमरसिंहला म्हटलं, "तुझी बायको हितनं गेली?" तो म्हणाला, "आपल्या म्होरं गेली, आई." त्यानंतर मी खाली पोचेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

भुईबावड्याचा घाट म्हणजे चढायचा घाट. अरुंद रस्ता, आमचा टेम्पो पहिल्या गिअरवर रडायला लागला. मध्यावर एका वळणाला जरा रुंद जागा होती, तिथं अमरसिंहनं गाडी लावली. "हितनं दिसंल ती," म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. पहाटे उठायची त्याला सवय नाही. दूध घालायला तो उन्हं आल्यावर जातो.

एकेक जण वर येत होता. येत होता म्हणजे काय, सरपटत होता. चाक पुढं जातंय की मागं तेच कळत नव्हतं. तोंडं उघडी, छात्या लोहाराच्या भात्यासारख्या. एक जण सायकल हातात धरून चालत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता. बऱ्याच वेळानं अनुजा आली. तोंड काळंठिक्कर, ओठांच्या कडांना पांढरं सुकलेलं. वळणावर आली, पाय टेकला, सायकल कठड्याला लावली आणि खाली बसून डोकं गुडघ्यांत घातलं.

मी उतरले. आता मला सांगा, मी तिला ढकललं का? उचललं का? मी फक्त डबा उघडला. पहाटे दुधात मळून केलेल्या दशम्या होत्या, वर गूळ, दह्याची बरणी. तिच्या पुढ्यात धरलं. तिनं घेतलं आणि खायला लागली. तिच्याही ध्यानात आलं नाही. वीस वर्षं माझ्या हातचं समोर आलं की खायचं, एवढंच तिच्या अंगाला माहीत. आणि आमच्यात कुणाला वाढणं ही मदत धरत नाहीत. दारात आलेल्या मीटरवाल्यालासुद्धा आम्ही विचारतो, जेवलासा का म्हणून.

दुसरी दशमी निम्मी झाली तेवढ्यात खालनं मोटरसायकल आली. अंगात पिवळं जाकीट घातलेलं पोरगं, छातीवर नाव, मोहित. फेरीवाल्यांनी लक्ष ठेवायला नेमलेलं.

"ताई, हे काय चाललंय?"

अनुजाचं चावणं थांबलं. घास गालात तसाच.

"गाडी कुणाची ही?"

"माझ्या लेकाची," मी म्हटलं. "का? घाटात लावायची न्हाई का?"

"तसं न्हाई आजी. ह्या तुमच्या कोण लागतात? घरच्यांनी घाटात खायला दिलं तर ते नियमात बसत न्हाई. मला ह्यांचा नंबर काढून घ्यायला लागंल."

"खाणं ही कसली मदत रे? तुझी आई तुला जेवाय घालती ते मदत म्हणून घालती व्हय?"

"आजी, नियम हाय. मी काय करू?" पोरगं अदबीनं बोलत होतं, पण हटत नव्हतं.

मी अनुजाकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते. तिला वाटलं असणार, म्हातारीनं मुद्दाम केलं. आणि तिथंच सगळं मिटत होतं. माझी सून, एवढे दोन शब्द मी बोलले असते की सायकल माळ्यावर आणि बालदी तिच्या हातात. गुडघे तर ओरडून सांगत होते, बोल म्हणून. पण माझ्या दशमीनं माझी सून बाद झाली? मी जिंकायची ती अशी? असलं जिंकणं मला नको होतं.

"ही माझी कोण न्हवं," मी म्हटलं. "दमून बसलीती, दिलं खायाला. नवस हाय माझा. वाडीच्या दत्ताला बोललीया, हा घाट जो कोण चढंल त्याला आज घालीन म्हणून."

"सगळ्यांना?"

"मग काय तोंडं बघून घालत्यात नवसाचं?"

पोरगं डब्यात डोकावलं. मग म्हणालं, "सगळ्यांना देत असाल तर चालतंय. वाटंत कोण सगळ्यांना वाटत असंल तर घ्यायला हरकत न्हाई." आणि मोटरसायकल स्टँडवर लावून सावलीत बसलं. "मी हाय हितंच थोडा येळ, आजी." मला त्याचं कौतुकही वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

अनुजा उठली. घास गिळला. "येते मावशी. लई बरं झालं," म्हणाली, माझ्याकडं न बघता, आणि सायकलवर बसली. मी नुसती मान हलवली. पहिली चार पायडलं सायकल नागमोडी गेली, मग सरळ झाली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

मग माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसले ते. माणसाशी खोटं बोललं तर बोललं. दत्ताचं नाव घेऊन बोलले होते. नृसिंहवाडीला मी लहानपणापासून जाते. आता तो नवस खरा करण्यावाचून सुटका नव्हती, पोरगं बसो नाहीतर जावो.

"पावणं," मी खालनं येणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारली. "थांबा. खावा आणि मग मरा."

तो थांबला. इचलकरंजीचा होता, पोट सुटलेलं, मागाचा कारखाना म्हणाला. दशमी हातात घेऊन रडवेला झाला. "आजी, दरसाल असता का हितं?"

"देव सांगंल तसं. खावा गुमान, बोलू नका, अडकंल."

त्याच्या मागं दोघं, त्यांच्या मागं एक डॉक्टरीण, मग अजून कोण कोण. बोलण्यानं अमरसिंह जागा झाला. बघतो तर आई रस्त्यात उभी आणि घट्ट चड्ड्या घातलेली माणसं तिच्यापुढं हात पसरून.

"आई, हे काय?"

मी जवळ जाऊन दात आवळून म्हटलं, "नवस हाय. अनुजा आपली कोण न्हवं. दही वाढ."

तो उतरला आणि बरणी हातात घेतली. डबा संपत आला तसं त्यानं सीटखालनं स्वतःचा डबा काढला. त्याचा वास मी ओळखला.

"ते आत ठेव. दत्ताच्या नवसात सुकं मटण वाढायला निघालाय."

"मग मी काय खाऊ?"

"काय न्हाई. मी पण खाल्लं न्हाई."

दशम्या संपल्या, गूळ संपला, शेवटच्यांना मी बरणी पालथी करून दह्याचं पाणी दिलं.  बसावं म्हटलं तर कठडा उन्हानं तापलेला. मोहित उठला, पाया पडला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आजी, फोंड्यात पण असाल ना? तो घाट जास्त लागतोय ह्यांना. जेवल्यावर येतोय."

चार जणं माझ्या तोंडाकडं बघत होती. माझी जीभ कधी मागं हटली नाही, तोच तिचा दोष. "असणार की," मी म्हटलं.

करूळ परत उतरून खाली वैभववाडीत अमरसिंहनं केळ्यांचे घड घेतले, पाण्याचे मोठे कॅन घेतले, मीठ-साखर घेतली. घेताना कुरकुरत होता. "तुला सासूपण गाजवायचं होतं, आणि दुकान मी लावायचं." मी ऐकलं नाही असं केलं. पाठीचा मणका रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोजून ठेवत होता.

फोंडा घाटात ऊन नुसतं ओतत होतं. झाडी आहे, पण दुपारची सावली रस्ता सोडून भलतीकडं जाते. मोहितची मोटरसायकल आधीच तिथं. त्यानं मला बसायला कुठनं तरी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. मी म्हटलं, "नवस बसून फेडत न्हाईत," आणि बोलल्या क्षणी मला पश्चात्ताप झाला. अमरसिंहनं माझ्या पुढ्यातली खुर्ची ओढून स्वतः बसकण मारली.

सकाळची माणसं आता ओळखू येत नव्हती. इचलकरंजीवाला केळं सोलायचं कसं तेच विसरला होता, मी सोलून दिलं. डॉक्टरीण म्हणाली, पायांत गोळे आलेत. काही जण थांबलेच नाहीत, थांबलो तर परत चढणार नाही म्हणाले. आणि काही जण खालीच गाडीत बसून गेले होते, त्यांच्या सायकली एका टेम्पोत आडव्या घालून वर आल्या. त्या टेम्पोत मी नीट बघितलं. आमची सायकल नव्हती.

उन्हं कलायला लागली तेव्हा अनुजा आली. सायकलवर होती, पण सायकलच तिला धरून होती म्हणायचं. वळणाला आली आणि उलटी झाली. नुसतं पाणी. मग गटाराच्या कडेला बसली. मी पदर ओला करायला हात नेला आणि थांबवला. मोहित चार पावलांवर उभा होता. दुसऱ्यांची तोंडं मी दिवसभरात कुणाची पुसली नव्हती.

मी सगळ्यांना दिलं तसं केळं दिलं, पाणी दिलं.

"मावशी, मीठ हाय का?" तिनं हात पुढं केला.

मीठ हातावर द्यायचं नसतं, भांडण होतं. कागदावर घालून दगडावर ठेवलं. तिनं बोटानं चाटलं. मोहितला कुणीतरी पुढनं हाक मारली, चाक बघायला तो तिकडं गेला. तशी ती हळूच म्हणाली, "आत्ती."

मी पाण्याच्या कॅनचं झाकण लावलं.

"आत्ती, बास झालं. व्हईना मला. तुम्ही जिकलासा. बसते मी गाडीत."

तिच्या पोटऱ्या आपोआप उडत होत्या, कातड्याखाली काही जिवंत असल्यासारख्या. गाडीचं दार उघडंच होतं. अमरसिंह खुर्चीतनं उठला, तिला धरायला. मी नुसतं 'बस' म्हणायचा अवकाश होता. दिवसभर उभी राहून माझ्या घोट्यांना सूज आली होती, उद्या पहाटे परत म्हशीखाली उकिडवं बसायचं कसं याचा विचार मी सकाळपासून करत होते. पण एवढं चढून आलेल्या बाईला मी चार म्हशींसाठी माघारी वळवू? माझे गुडघे अजून तेवढे महाग झाले नाहीत.

"कोण आत्ती?" मी मोठ्यानं म्हटलं. "बाई, ही नवसाची गाडी हाय. हितं पॅसेंजर घेत न्हाईत."

अमरसिंह होता तिथंच थांबला. अनुजा वर बघायला लागली. दिवसभरात पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मला ते सोसेना, म्हणून मी केळ्याच्या साली गोळा करायला लागले.

"अजून लई हाय का वर?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत? मी कुठं चढलीया? ते पोट सुटल्यालं गेलंय चढून, तू बघ."

ती उठली. एका पायावर, मग दुसऱ्या. थोडं अंतर सायकल हातात धरून चालली. मग बसली. मी तिच्या पाठीकडं बघत होते. ती हलत होती, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. वळणापाशी मला वाटलं आता पडते. पडली नाही.

अमरसिंह म्हणाला, "आई, बसू द्यायचं की तिला. तूच जिकली असतीस."

"खुर्ची उचल. पोराची हाय ती, परत दे," मी म्हटलं.

दाजीपूरच्या जंगलातनं, राधानगरीवरनं आम्ही मागनं आलो तेव्हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. ती मध्येच दिसायची, मध्येच ट्रॉल्यांच्या आड जायची.  परिते गावाच्या पुढं एकदा अमरसिंह म्हणाला, "येळेत जाईल बहुतेक." मी म्हटलं, "गाडी नीट चालव."

रंकाळ्यावर ती आली तेव्हा सूर्य टेकला होता, तळ्याच्या पाण्यावर अजून उजेड होता. मोहितनं टेबलामागनं हात वर करून ओरडून तिचा नंबर सांगितला, आणि आधी आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. इचलकरंजीवाला बूट काढून आडवा पडला होता, त्यानं झोपूनच वाजवल्या. अनुजानं सायकल आडवी टाकली आणि तिच्याशेजारी फूटपाथवर बसून राहिली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. गळ्यात पदक घातलं तेही तिला कळलं की नाही, कोण जाणे.

मोहितला मी दिसले. "आजी? तुम्ही हितं पण?"

"लेकाला भेळ खायाचीया," मी म्हटलं.

तो हसला. त्यानं अनुजाकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, काय समजायचं ते समजला असेल. पण सगळ्यांदेखत वाटलेलं त्यानंही खाल्लं होतं, दोन केळी. त्यानं परत यादीत डोकं घातलं.

घरी येताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. घामाचा वास, केळ्याचा वास, कॅनमधल्या आंबट दुधाचा वास. उजळाईवाडीपाशी ती म्हणाली, "आत्ती, नवस खरा हाय का?"

"आता झालाय."

"म्हंजी दरसाल?"

"तू परत चढणार हाईस का ते दोन घाट?"

ती झोपली होती. डोकं माझ्या खांद्यावर पडलं, दगडासारखं जड. खांदा भरून आला, पण मी हलवला नाही. हलवायला तेवढा जोर तरी कुठं होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हशी ओरडल्या आणि मी उठायला गेले तर पाय जमिनीला टेकेनात. भिंतीला धरून मी पोराच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दाराला काठी हाणली.

"अमरसिंह, ऊठ. बालदी घे."

"आं? अनुजा..." आतनं त्याचा आवाज आला.

"तिच्याकडं न्हाई मागत. मी तसं बोललीया. आणि माझ्यानं व्हत न्हाई. राह्यलं कोण?"

"आई, मला धार येत न्हाई."

"तुझ्या बापालाबी येत नव्हती. मरेपतोर त्यानं हेच सांगितलं. ऊठ."

तो आला. डोळे चोळत, एका पायात चप्पल. म्हशीखाली असा बसला जसा कुणी विहिरीच्या काठावर बसतो. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि दूध चोरलं. त्यानं ओढलं, दाबलं, परत ओढलं.

"दूध न्हाई हिला."

"हाय. हाताची वळख न्हाई तिला. ओढू नकोस, कासंवर हात फिरव. थोडं थांब. ती सोडंल."

"किती येळ?"

"तिला कळंल तवर," मी म्हटलं आणि आत गेले. चहा ठेवायला पाहिजे होता, ठेवला नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा उजाडता उजाडता अंथरुणात परत शिरले. गोधडी अजून कोमट होती. बऱ्याच वेळानं गोठ्यातनं बालदीत एक बारीक धार वाजली. मग थांबली. लेक म्हशीला काहीतरी बोलत होता. मी पाय पोटाशी घेतले.